विंगेतला आवाज

आधी शांताअक्कांचं नाव लिहिते, मग झालेलं सांगते. सातवीत शाळा सुटलेली मी, नांदेडकडून हुबळीत कामाला आले. केशवापुरात अक्कांनी घरात ठेवून घेतलं. त्या निवृत्त शिक्षिका. भांडी झाली की म्हणायच्या, "बस गं. आज स्वगत बघू." पात्र एकटं स्वतःशी बोलतं ते स्वगत. कोरस, शोकांतिका, सगळं ओट्यापाशीच शिकले.

त्यांचा पुतण्या धारवाडात, सुभाष रोडच्या मागं एका हॉलमध्ये नाटक बसवत होता. ग्रीक पुराणातली गोष्ट. एका वनकन्येला शाप असतो. स्वतःचं काही बोलायचं नाही, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे परत म्हणायचे. झुरून तिचं अंग जातं, आवाज उरतो. अक्कांनी शब्द टाकून ती भूमिका मला मिळवून दिली.

तालमीला अक्काही माझ्यासोबत आल्या. सगळे सतरंजीवर बसले. मीही बसले.

पुतण्या म्हणाला, "तू तिकडं, विंगेत. तुझा आवाज तेवढा हवाय. दिसायला नेहा आहे. वनकन्या अशी काळी असते होय?"

कुणीतरी हसलं. "हिला पाठांतर कशाला? दिवसभर दुसऱ्याचंच तर परत म्हणत असते!"

अक्का काही बोलणार होत्या. मी मानेनंच नको म्हटलं. माझ्यापायी घरात वाकडं आलं तर? छप्पर गेलं तर? मी विंगेत गेले. अंधार, जुन्या पडद्यांचा कुबट वास. उजेडात नेहा ओठ हलवायची. आवाज माझा.

घरी आले तरी ती विंग सुटेना. पाणी आण. आणते. दार लाव. लावते. माझं एकतरी वाक्य माझं होतं का? आरशासमोर जायची भीती वाटायला लागली. वाटायचं, तिथं कुणी नसेल.

पुढच्या तालमीला नायकानं हाक दिली, "कोण आहे तिथं?"

मी "आहे तिथं" म्हणायचं होतं. म्हटलंच नाही. नेहाचं तोंड उघडलं, रिकामंच मिटलं.

"ए, झोपलीस काय?" पुतण्या ओरडला.

मी उजेडात आले. "मी इथं आहे. दिसणार असेन तर बोलेन. नाहीतर माझा आवाज मिळणार नाही."

"चार शब्द शिकली तर नटी झाली! उतर खाली!"

अक्का उठल्या. संतापल्या की त्या कन्नडात बोलतात. "बा, होगोण." चल, निघू. हुबळीची बस पकडली. वाटभर त्या माझा हात धरून होत्या.

पुतण्या त्यानंतर घरी येत नाही. दिवाळीलाही आला नाही. अक्का त्याच्यासाठी करंज्या काढून ठेवत होत्या, ते मी पाहिलं. ती हाक अजून झोपेत ऐकू येते. कोण आहे तिथं?

अक्का, तुमचं हे मी फेडीन. एक दिवस तुम्हाला पहिल्या रांगेत बसवीन. ह्याच काळ्या अंगानं उजेडात उभी राहीन, आणि स्वगत म्हणेन. ते कुणाच्या मागून म्हटलेलं नसेल.