फोटो पालथा ठेवायचा

काच बदलायला आलेला माणूस नुसती फ्रेम देऊन गप्प बसत नाही. ती कशी पडली, हे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एकोणीसशे साठच्या आगेमागे मी कुवेतला, हवल्लीत, उस्मानचाचांच्या दुकानात काचा कापायचो, तेव्हा असे किस्से ऐकून माझे कान किटले होते. फ्रेमा पडायच्याही फार. धुळीचं वादळ आलं की दारं आपटायची, आणि त्या गिलाव्यात खिळा म्हणजे नावापुरता!

*

गिऱ्हाइकं बहुतेक आमच्या रत्नागिरीकडची. एकेका खोलीत सात-आठ खाटा, बायका गावाला. आता तिथं भिंतीवर आपल्या बायकोचा फोटो लावायचा आणि सगळ्या बाप्यांनी तो उठता-बसता बघायचा? तोबा! म्हणून पुढं कॅलेंडरातले गुलाब, आणि बायको मागं, पुठ्ठ्याआड. काच बदलायची तर फ्रेम उघडावीच लागते. त्यामुळं चाचांचा कायदा होता, मागून फोटो निघाला की न बघता पालथा ठेवायचा. उचलायचा तो नवऱ्यानं.

*

एकदा एकाच खोलीतले दोघं फ्रेमा घेऊन आले. दोन्हींत तेच गुलाब. नवी काच लावून घेऊन गेले आणि वाटेत दोघांना शंका आली, अदलाबदल तर झाली नाही? उघडून बघावं, तर निघायची दुसऱ्याची बायको! तसेच परत आले आणि एकमेकांकडं पाठ करून उभे राहिले. चाचा वैतागले.

"अरे, निकाह तरी डोळे उघडे ठेवून केलात ना?"

शेवटी चाची आतून आली. ती त्या दोघांच्याच गावची. तिनं दोन्ही फोटो बघितले आणि ज्याची फ्रेम त्याला दिली. अदलाबदल झालीच नव्हती.

*

पण हसण्यासारखे किस्से थोडेच. एक आचारी होता, त्याच्याकडं मेलेल्या आईचा एकच फोटो. दमट हवेनं तो काचेला चिकटला होता आणि वर काच फुटली. तुकडा ओढला तर म्हातारीचा चेहराच निघून येणार. चाचांनी बराच वेळ खटपट केली, मग फुटकी काच तशीच ठेवून तिच्यावर नवी लावली. आचाऱ्यानं फ्रेम छातीशी धरली आणि आम्हाला दुवा देत गेला.

*

आणि कासम. हर्णैकडचा, एका घरी ड्रायव्हर. त्याची फ्रेम जरा जास्तच पडायची, वारा नसला तरी. पडलेल्या फ्रेमची काच सहसा कोपऱ्यातून तडकते. याची नेहमी मधोमध. मी काच कापेपर्यंत तो मागच्या स्टुलावर बसून बायकोचा फोटो बघत राहायचा. भरल्या खोलीत कुठं बघणार बिचारा? चाचांच्या ते केव्हाच ध्यानात आलं होतं. मला हळूच म्हणाले, घाई करू नकोस.

मग गावाहून कळलं की ती अंथरुणाला खिळलीय. कासमनं रजा मागितली. मालक म्हणाला, दुसरा ड्रायव्हर येऊ दे, मग जा. पासपोर्ट मालकाकडं, करतो काय? त्यानंतर कासम आला की एकच विचारायचा, "चाचा, तोवर ती थांबेल ना?" चाचा म्हणायचे, थांबेल रे, अल्लाह मोठा आहे. असं म्हणताना ते त्याच्याकडं बघायचे नाहीत.

दुसरा ड्रायव्हर यायच्या आधी तार आली.

शुक्रवारी नमाजानंतर कासम दुकानात आला आणि त्यानं फ्रेम टेबलावर ठेवली. चाचांनी ती उजेडात धरली, उलटसुलट करून बघितली.

"काच तर धड आहे, बाबा."

"काच राहू दे. तिला पुढं लावा."

चाचांनी पुठ्ठा काढला आणि सवयीनं फोटो पालथा ठेवला. कासम पुढं बोलला.

"काल खोलीत सगळ्यांनी तिच्यासाठी फातिहा वाचली, चाचा. ती दिसायची कशी, एकालाही माहीत नाही."