पाठ केलेला समुद्रकिनारा

इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आमच्या शेजारी एक पोलिश बाई राहते. केअर होममध्ये काम करते. तिथे बढती हवी तर तोंडी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यात ती एकदा नापास झाली होती. दुसऱ्या खेपेला तिने मला गाठलं. पुण्याच्या शाळेत निबंधात माझा नंबर कायम पहिला, त्यामुळे मी लगेच बाह्या सरसावल्या.

विषयांच्या यादीत ‘सीशोर’ होता. "म्हणजे नक्की कुठला भाग?" तिने विचारलं. तिच्या भाषेत पाण्याची कड म्हणजे ब्झेक, मग ती नदीचीही चालते. वाळू पसरलेली ती प्लाझा. आणि गावं-बंदरांसकट सगळा पट्टा म्हणजे विब्झेझे. यातलं सीशोर कोणतं? मला धड सांगता येईना. मग मी शाळेत शिकले तेच केलं. निबंध लिहून दिला आणि म्हटलं, पाठ कर. सोनेरी वाळू, फेसाळत्या लाटा, मावळता सूर्य, सगळं त्यात घातलं. बिचारी दोन आठवडे घोकत होती. भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि मी खूश व्हायचे.

परीक्षेच्या आदल्या रविवारी उजळणी म्हणून तिला समुद्रावर नेलं. पोचताच तिने पिशवीतून रंगीत पट्ट्यांचं लांबलचक कापड, काठ्या आणि चक्क हातोडा काढला. तिच्याकडे म्हणे समुद्रावर गेलं की आधी वाऱ्याला कापडाची भिंत ठोकायची, मग बसायचं.

"घर बांधतेस की काय?" मी खो खो हसत म्हटलं. तेवढ्यात वारा सुटला आणि घरून आणलेल्या माझ्या भेळेत मूठभर वाळू आली. निमूट तिच्या भिंतीआड गेले.

तिथे ती वडिलांबद्दल बोलत सुटली. ते पहाटे जाऊन याच हातोड्याने काठ्या ठोकून जागा कशी धरायचे, वीतभर वाळूवरून शेजाऱ्यांशी कसे भांडायचे. इंग्रजी चुकत होतं. तीनदा मी तिला अडवून सुधारलं. चौथ्यांदा मात्र गप्प बसले, कारण मला पुढचं ऐकायचं होतं.

परीक्षेनंतर तिने तोंडच दाखवलं नाही. निकाल आला तेव्हा दार वाजलं.

"निबंध दुसऱ्याच वाक्याला विसरले," ती म्हणाली. "मग वडिलांचा हातोडा सांगितला. परीक्षक बाई हसायला लागल्या. पास झाले!"

मी तिला मिठीच मारली. तरी राहवेना. "माझं एकही वाक्य नाही वापरलंस?"

"एकही नाही. पण इतकं मोकळं बोलायला कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, शेजारणीने. ती एकदा गप्प बसली होती."