लेकीच्या गोल्फसाठी श्रीवर्धनला कौल

सोमवारपर्यंत सायलीला नोकरीचं उत्तर कळवायचं होतं, म्हणून शनिवारी पूजा आटोपून आम्ही मायलेकी चौलहून श्रीवर्धनला निघालो.

सायली माझी लेक. यजमान गोल्फच्या मैदानावर गवत राखायला होते, तिथेच ती लहानपणी खेळायला शिकली. ज्युनिअर स्पर्धांत एवढे चषक मिळवले की देवघराशेजारचं फडताळ भरलं. आता व्यावसायिक झालीय आणि छोट्या स्पर्धांना गावोगाव फिरते. पहिले दोन दिवस चांगलं खेळली तरच पुढे खेळायला आणि बक्षीस मिळायला वाव. नाहीतर पदरमोड करून घरी. अशात पुण्याच्या एका अकादमीने शिकवायची नोकरी देऊ केली. खेळ सोडावा का? मी म्हटलं, माझ्या माहेरच्या देवीला कौल लावू.

रेवदंड्याहून मुरूडमार्गे आगरदांड्याला एसटीने जावं, पुढे दिघीला बोट. स्वस्त पडतं. डबा घरचा न्या, खाडीच्या वाऱ्याने भूक लागते. बोटीत एका कोळीणमावशीने सायलीची बॅग न्याहाळली.

"काठ्या कसल्या गो? मासे गरवायच्या?"

"चेंडू गरवते, मावशी."

"गावतात?"

"हल्ली सुटतातच जास्त."

मावशी पोट धरून हसली आणि सायलीला चिमूटभर बडीशेप दिली.

दिघीहून पुढेही एसटीच बघा. रिक्षावाले तोंडाला येईल ते मागतात. श्रीवर्धनला माहेरी आता कोणी राहत नाही, पण सुपारीच्या वाडीतली घरगुती खोली मिळाली. जेवणात वालाचं बिरडं, वर हवी तेवढी सोलकढी. संध्याकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूवर सायली चेंडू मारत राहिली. अंधार पडला तरी हलेना.

रविवारी देवळात गेलो. देवीला दोन्ही बाजूंना फुलं लावतात. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी प्रश्न सांगू लागले, तोच गुरवकाकांनी थांबवलं.

"खेळते कोण?"

"लेक."

"मग तिलाच इचारू दे."

सायलीने हात जोडले. "देवी, पुढच्या स्पर्धेला माझी बॅग उचलायला आईने यावं का?"

"अगं, नोकरीचं विचार," मी कुजबुजले.

"ते माझं ठरलंय. मी खेळणार. त्याचा भार देवीवर कशाला?"

मी तिच्याकडे वळले. पण ती इतकी निवांत उभी होती की रागवायचं सुचेना. गुरवकाका म्हणाले, "देवीचं काम हलकं झालं." आणि उजवं फूल टपकन पडलं.

घरी यजमानांनी विचारलं, "काय म्हणाली देवी?"

"मला कामाला लावलं."

सोमवारी सायलीने पुण्याला नकार कळवला. फोन ठेवला आणि शीळ घालत अंघोळीला गेली. घरात शीळ घालू नये, असं मी नेहमी सांगते. त्या दिवशी नाही सांगितलं.

बॅगवाल्याची मजुरी वाचेल, हे मनाला बरं वाटतं. रोज पहाटे तिची बॅग खांद्यावर घेऊन मी समुद्रावर चालायचा सराव करते. खांदे सवयीचे झाले. पण सायली चेंडू मारताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही म्हणे, जपसुद्धा मनातच. ते काही अजून जमत नाही.