डावी बाजू वर

माझी आई जपानी आहे असं दोहात कुणाला सांगितलं, की लोक आधी तिच्याकडे बघतात आणि मग तिचं बोलणं ऐकून चक्रावतात. साताऱ्यात चाळीसेक वर्षं काढलेली बाई. भाजीवाल्याशी भांडतानाही मराठीचा ठसका अस्सल तिकडचाच. जपानीचा मात्र एक शब्द तोंडातून निघत नाही. त्याला कारण मी. दुसरीत असताना शाळेच्या फाटकापाशी ती मला जपानीत काहीतरी म्हणाली, मुली फिदीफिदी हसल्या आणि मी घरी येऊन तिला बजावलं, "पुन्हा तसं बोलायचं नाही." तिने ऐकलं. इतकं ऐकायला नको होतं.

यंदा ती आमच्याकडे दोहात, अल गराफाला आली, तेव्हा लेकीच्या शाळेत देशोदेशीच्या पोशाखांचा दिवस होता. लेकीने फोनवरच आजीकडे जपानी पोशाखाचा हट्ट धरला होता. आईने मुकाट्याने बॅगेतून निळ्या फुलांचा युकाता काढून दिला. युकाता म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो.

सकाळी आई अंघोळीला गेलेली, बस यायची वेळ झालेली. "यल्ला, यल्ला, चल लवकर" करत मीच लेकीला तो गुंडाळला, माझ्या शर्टासारखी उजवी बाजू वर घेऊन. आई बाहेर आली आणि दारातच थबकली.

"अगं बये, काय केलंस हे! सोड आधी. असं मेलेल्या माणसाला नेसवतात."

मी ओशाळले.

"तुझे बाबा श्राद्धाला जानवं उजव्या खांद्यावर घ्यायचे ना, अपसव्य? तसलंच हे."

तिने डावी बाजू वर घेतली, पट्टा आवळला, आणि हात चालवता चालवता एकेका गोष्टीचं जपानी नाव सांगत गेली. लेक मागून म्हणत गेली. तो आवाज इतक्या वर्षांनी ऐकून मला रडू आवरेना. मी डबा लेकीच्या दप्तरात कोंबला.

"आजी, डू आय लुक नाईस?"

"देखणी दिसतेस."

बस गेली. आई चहाचं आधण ठेवत होती.

"आई, तेव्हा मी तुला गप्प केलं. फार चुकलं माझं."

"लहान होतीस गं."

"अगदी मापात बसला तिला," मी म्हटलं. "कुठून मागवलास?"

"मागवतेय कशाला? तुझ्यासाठीच शिवला होता तेव्हा."