टाकीतलं बोअरचं पाणी

आमच्या घरात मोठे दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाहीत. बोलायचं ते तिच्या नवऱ्याच्या तोंडाकडं बघून, आणि तो जवळ नसेल तर म्हशीकडं बघून. "आज च्या मिळंल का न्हाय?" हे त्यांनी म्हशीला विचारलेलं मी कितीदा तरी ऐकलंय, आणि म्हशीच्या वतीनं चहाही केलाय.

मी ट्रक चालवते. सोनारीहून परंडा, भूम, बार्शी, जिकडचा माल मिळेल तिकडं. ट्रक दोघा भावांचा, सामाईक. साखरेच्या आजारानं नवऱ्याची नजर गेली तेव्हा गाडी विकायची बोलणी सुरू झाली. नवऱ्यानं विकू दिली नाही. मला स्टेअरिंगवर बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि आवाजावरून गाडी ओळखायला शिकवलं. रीतसर लायसन्स काढलं मी. दिरांना ते कधीच पचलं नाही. दसरा झाला की आपल्या साडूच्या मुलाला गाडीवर ठेवायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणजे माझी किल्ली जाणार होती. ती किल्ली हातात आल्यापासून बाजारात लोक मला नावानं ओळखायला लागले होते. त्याआधी मी नुसती अमक्याची बायको होते. मला ती द्यायची नव्हती.

नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला पाळी आली. आमच्याकडं अजून बायका बाहेर बसतात, चुलीला हात नाही, देवाला हात नाही. त्यामुळं गाडीची पूजा दिरांनी केली आणि मी लांब गोठ्याच्या भिंतीला टेकून बघत बसले. पोळ्याला बैल धुवावा तशी त्यांनी गाडी धुतली, बोअरचा पाइप लावून, आडवीतिडवी. मग हळदकुंकू, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू, नारळ. वर्षभर जिचं ग्रीस माझ्या नखांतून निघालं नाही, तिला त्या दिवशी बोट लावायची मला बंदी.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. सोयाबीनची पोती बार्शीला न्यायची होती आणि साडूचा मुलगा अजून आला नव्हता, म्हणून दिरांनी मलाच गाडी काढायला लावली. मग विटाळाचं काय? काही नाही. देवघरात मी चालत नव्हते, स्टेअरिंगवर चालत होते. इतका सोयीचा विटाळ मी जन्मात पाहिला नव्हता. मनातल्या मनात शिव्या घालत मी गाडी काढली. खिडकीशी दीर, मध्ये नवरा, चाकावर मी.

परंडा मागं पडलं आणि पुढच्या चढाला गाडी आचके द्यायला लागली. मागं पांढरा धूर. जरा सावरली, पुन्हा आचका, आणि बंद पडली. हँडब्रेक ओढून मी खाली उतरले, चाकांना दगड लावले. तेवढ्यात दिरांनी किल्ली काढून खिशात घातली. बघायला दोन-तीन मोटरसायकलवाले थांबले होतेच.

"सांगत हुतो का न्हाय?" दीर माझ्या नवऱ्याला म्हणाले, पण ऐकू जावं सगळ्यांना अशा बेतानं. "बाई बाहेरची असताना चाकाला हात लागला. गावच्या भैरोबाला चालतंय व्हय? बास झालं आता. उद्यापासनं पोरगं यील गाडीवर."

चाकावर बसवली कुणी, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मोटरसायकलवाले माझ्याकडं बघायला लागले. अशा वेळी बाईनं पदर सारखा करून मान खाली घालायची असते. मी डिझेलच्या टाकीकडं गेले.

टाकीचं झाकण मागंच हरवलं होतं. तेव्हापासून तोंडावर रबराचा तुकडा, त्यावर फडकं आणि वरून तार, अशी माझी बांधणी होती. ती गायब. तिथं नवीकोरी लाल खणाची चिंधी, सुबक गाठ मारलेली. पूजेला काळं फडकं शोभत नाही म्हणून काढलं असणार, उघड्या तोंडावरच पाइप मारला असणार आणि माळा घालून झाल्यावर ही चिंधी बांधली असणार.

नवऱ्यानं केबिनमधून आवाज दिला, "अगं, फिल्टर..."

"थांबा तुम्ही. बघतेय मी."

पाण्याची रिकामी बाटली वरून कापली आणि फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून खाली धरली. निघालं ते पाणीच. ते काढून टाकीखाली शिरले, बुडाचा नट ढिला केला, बाटली पुन्हा अर्धी भरली. त्या धारेतून झेंडूची एक पाकळी आली. डिझेल दिसेपर्यंत बाकीचं कॅनमध्ये काढलं, थोडं डिझेलही बाटलीत घेतलं, नट आवळला आणि बाटली उन्हात धरली. पाणी खाली, डिझेल वर, पाकळी मध्ये.

मग मी मोठ्या दिरांच्या तोंडाकडं बघून बोलले, आयुष्यात पहिल्यांदा.

"भावजी, आज माझा तिसरा दिवस हाय. समद्यांनी ऐका. पर ह्यो माझा विटाळ न्हाय, तुमच्या बोअरचं पाणी हाय. फूल वळखा, तुमीच वाहिलेलं."

एक मोटरसायकलवाला हसला. मी फिल्टरजवळचा हातपंप मारायला लागले, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येईपर्यंत. हात काळे झाले होते. तसाच एक हात पुढं केला.

"किल्ली."

दिरांनी ती बॉनेटवर ठेवायला हात नेला.

"तिथं न्हाय. हितं."

त्यांनी किल्ली माझ्या हातावर सोडली. वरून, वीतभर अंतरावरून, बोट लागू न देता. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. बार्शीपर्यंत नवरा अधूनमधून हसत होता.

साडूच्या मुलाला येऊ नको म्हणून निरोप गेला. कुणी दिला ते मी विचारलं नाही.

यंदाच्या दसऱ्यालाही मला पाळी आली होती. गोठ्याकडं मी गेलेच नाही. टाकीला नवीन झाकण बसवलं होतं, ते घट्ट आवळलं, गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. घरचे सगळे ओट्यावर उभे होते. दीर म्हशीकडं बघत होते. मी खोबऱ्याचे तुकडे केले आणि आधी त्यांच्यासमोर गेले. बराच वेळ मी तशीच उभी राहिले. शेवटी त्यांनी हात पुढं केला.

मी तुकडा वरून टाकला नाही. त्यांच्या तळहातावर नीट ठेवला, बोटं टेकवून.