पळत्याला वढू नये

आमच्या गावात सगळ्यात हळू चालणारा माणूस कोण, असं विचारलं असतं तर शेंबड्या पोरानंही आमच्या धुरकरीमामांकडे बोट दाखवलं असतं. आणि पालमपासून जिंतूरपर्यंतच्या शंकरपटांत सगळ्यात वेगानं बैल पळवणारा कोण, असं विचारलं असतं तरी बोट तिकडेच गेलं असतं. गोठ्यातून उठून आमच्या परसदारी भाकरीला यायला त्यांना एवढा वेळ लागे की आईनं तव्यावरून काढलेली भाकरी गारढोण होऊन जाई. आई चिडायची. ह्या माणसाला बैलांच्या मागं कुणी बसवलं, गोगलगाईच्या मागं बसवायचं, असं ती त्यांच्या तोंडावर म्हणे. मामा पायरीवर टेकत, भाकरी निवांत कुस्करत आणि म्हणत, "पळायचं काम बैलाचं हाय, वैनी. आपुन कशाला घाई करायची?"

त्यांचं नाव सटवाजी. हे मी मुद्दाम लिहिते, कारण हयातीत ते कुणी पुकारलं नाही. पटाच्या मैदानात दोन जोड्या शेजारीशेजारी उभ्या राहत, झेंडी पडली की छकडे सुटत आणि पापणी लवायच्या आत निकाल लागे. मग हलगी कडाडायची आणि पुकारा व्हायचा, अमक्या पाटलाची जोडी, तमक्या देशमुखाची जोडी. लिंबाखाली मांडी घालून पान चघळत बसलेल्या मालकाच्या डोक्याला फेटा बांधला जाई. बैलांच्या गळ्यात हार पडे. बैलांबद्दल माझी काही तक्रार नाही, ते पळालेले असत. पण ज्याच्या दाढीमिशांत धुरळा भरला, ज्याच्या तळहाताची सालटी कासऱ्यानं निघाली, त्याला 'धुरकरी' या पलीकडे नाव असू नये? लहानपणापासून मला याची चीड यायची. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी एकदा तसं विचारलंही होतं. त्यांनी माझ्याकडे, मांजर बोललं तर बघावं तसं बघितलं.

मामांच्या हातात पराणी कधी नसे. बाकीचे धुरकरी टोकाला खिळा ठोकलेली काठी घेऊन बैलांच्या पुठ्ठ्यात टोचत, कुणी शेपट्या पिरगाळत. मामा नुसते जिभेनं टाळूला आवाज करत आणि कासरे सैल सोडत. धुरेवर, म्हणजे छकड्याच्या पुढच्या दांडीवर, बसले की ते मागं बघत नसत. मागची जोडी किती जवळ आलीय हे बघायचा मोह भल्याभल्यांना होतो, आणि तिथंच ते हरतात, असं ते सांगत. "मागं बगितलं की मान फिरती, मान फिरली की हात फिरतो, आन् हात फिरला की कासरा वढला जातोय." आम्ही पोरं ओसरीवर पाट मांडून, दोऱ्या धरून पट खेळायचो आणि कुणी मागं बघितलं की त्याला बाद करायचो.

पण त्यांचं जे बोलणं माझ्या डोक्यात कायमचं बसलं ते दुसरंच. "पळत्याला वढू नये, दमल्याला हानू नये." हे त्यांनी कुठल्या पोथीत ऐकलेलं नव्हतं, भोगलेलं होतं. निजामाच्या काळात आमच्या भागातल्या जहागीरदाराची जोडी पटात उतरायची, आणि तिच्यापुढे जायची कुणाची टाप नव्हती. पुढे गेलेल्याच्या पाठीवर संध्याकाळी वळ उठत. एका वर्षी मामांच्या जोडीनं झेंडीबरोबर अशी झेप घेतली की जहागीरदाराचे बैल मागंच राहिले. मालक म्हणून आप्पांनी कडेनं ओरडून हुकूम दिला आणि मामांनी भरधाव बैलांचा कासरा ओढला. पाखऱ्या नावाच्या बैलाचं नाक वेसणीनं फाटलं. ती खूण मला त्यांनी पुष्कळदा दाखवली होती. दाखवताना ते आपल्या नाकाला हात लावत.

मग पोलीस अॅक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, जहागिरी गेल्या. चावडीपुढे झेंडा लागला आणि आप्पांनी भाषण केलं. इथून पुढं कुणाची गुलामी नाही, कुणाची भीड नाही, ज्याची जोडी पळेल त्याचा पट, असं ते छाती काढून म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा गर्दीच्या कडेला उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण घरी येऊन पाखऱ्याच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. त्यांनी आप्पांचं भाषण खरं मानलं होतं. सगळ्या गावात तेवढ्या एकाच माणसानं ते खरं मानलं असावं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत ते एकही पट हरले नाहीत. सेलू, गंगाखेड, थेट नांदेडच्या बाजूनंही बोलावणी यायला लागली. आप्पांच्या फेट्यांनी पेटी भरली. आणि त्या फेट्यांच्या जोरावर देवगाव फाट्याच्या बाजूच्या एका बड्या घरात माझी सोयरीक जमली. सुपारी फुटली. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मला कुणी काही विचारलं नाही. साखरपुड्याचं लुगडं कुठल्या रंगाचं हवं, हेसुद्धा नाही.

लग्नाची तिथी धरायला व्याही आमच्या गावच्या जत्रेला आले, आणि येताना आपली जोडी घेऊन आले. त्यांची जोडी नामांकित होती आणि धुरेवर खुद्द नवरदेव बसणार होता. जेवताना व्याही सहज बोलल्यासारखं बोलले की सुनेच्या दारात आमचा पोरगा हरला तर ते काही बरं दिसायचं नाही. सगळे हसले. आप्पाही हसले, आणि हात धुवून सरळ गोठ्याकडे गेले. चावडीपुढे भाषण करणाऱ्या माझ्या बापानं मामांना सांगितलं की उद्या जावयाच्या पुढं जायचं नाही, कासरा ओढून धरायचा, मुलीकडच्यांनी नमतं घ्यायचं असतं. जहागीरदार गेला म्हणून झेंडा लावला होता ना? मग हा कोण आणून बसवला होता जेवायला? मला हे आज लिहितानासुद्धा संताप येतो.

त्याच दुपारी मी पेंड घेऊन गोठ्यात गेले तेव्हा मामा पाहुण्यांचे बैल धूत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि बैलाच्या पुठ्ठ्याला हात लावायला सांगितलं. मी हात टेकवला मात्र, जनावराचं सगळं कातडं थरथरलं आणि ते अंग चोरून भिंतीला भिडलं. ओल्या कातड्यावर पराणीच्या खुणा होत्या. जुन्यांवर नव्या. नवरदेव कसा आहे, हे मामांनी एका शब्दानं सांगितलं नाही. त्यांनी दुसऱ्या बैलावर पाणी ओतलं, पाठ चोळली, आणि मग त्यांच्या त्या संथ चालीनं बोलले.

"मालकांचा हुकूम हाय, वढून धर म्हनून. एरवी मी कुनाला इचारलं नसतं. पर सोयरीक तुजी हाय. तू सांग माय, वढू का सोडू?"

मी म्हटलं, "सोडा."

"इचार करून सांग. मागं बगता येनार न्हाई."

मी पुन्हा म्हटलं, "सोडा." माझ्या आयुष्याबद्दल मला विचारला गेलेला तो पहिला प्रश्न होता. तो बापानं विचारला नाही, सख्ख्या मामानं नाही, आईनंही नाही. पटाच्या धुरकऱ्यानं विचारला.

पट मी घराच्या माळवदावर चढून बघितला. लग्न ठरलेल्या पोरीनं मैदानात जायचं नव्हतं. तिथून बैल दिसत नव्हते, धुरळ्याचे दोन लोट तेवढे दिसत होते. सुरुवातीला ते बरोबरीनं निघाले. मग एक लोट पुढं सरकला, आणखी पुढं सरकला, आणि मागचा त्यात बुडून गेला. कुणाचा कोणता हे मला कळेना. हलगी वाजली आणि आप्पांच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा कळलं.

व्याही जेवायला थांबले नाहीत. वाढलेली पंगत तशीच राहिली, पुरणाच्या पोळ्या गड्यांनी खाल्ल्या. दिवस मावळायच्या आत सोयरीक मोडल्याचा निरोप आला. आमच्या बैठकीत भावकी जमली आणि मामांना मधे बसवलं. आप्पा त्यांना नमकहराम म्हणत होते, आमची इज्जत मातीत घातली म्हणत होते. आणि हे सगळं ते जिंकल्याचा फेटा डोक्यावर ठेवून बोलत होते! तो काढायची आठवण त्यांना झाली नाही की काढवेना, देव जाणे. जिंकल्याचा मान डोक्यावर आणि जिंकल्याची शिक्षा समोरच्याला, असला न्याय मी नंतर जन्मात बघितला नाही.

कुणाच्या हुकमानं सोडलेस, असं आप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं. मामा एवढंच म्हणाले, "बैल पळत व्हते. म्या वढलं न्हाई."

तेव्हा मी आतून बाहेर आले. पुरुषांच्या बैठकीत पाय ठेवला आणि मोठ्यानं सांगितलं, "मी सांगितलं होतं त्यांना. मला हे स्थळ नको होतं."

मला वाटलं, आता माझ्यावर वीज कोसळणार, आणि कोसळू दे म्हणून मी उभी राहिले. कसली वीज आणि कसलं काय. धाकटे चुलते हसले. कुणी म्हणालं, लेकराला माया लावलीय त्यानं, त्याला वाचवायला खोटं बोलायलंय. आईला हाक गेली की पोरीला आत घ्या, घाबरलीय. आणि मी उंबऱ्यात उभी असताना, माझ्यादेखत, ते पुन्हा मामांकडे वळले आणि मघाचाच प्रश्न विचारू लागले. मी बोललेच नव्हते. पोरीच्या जातीला होकार नव्हता हे मला ठाऊक होतं. पण तिला गुन्हाही नसावा? तोसुद्धा पुरुषाच्याच नावावर चढवायचा? मामा मान खाली घालून बसले होते. माझ्यावर काही येऊ नये म्हणून ते गप्प राहिले, हे मला कळत होतं आणि म्हणून जास्तच जळत होतं.

ठरलं असं की सटवाजीला कुणी धुरेवर बसवायचं नाही. ते पुन्हा कधी पटात दिसले नाहीत. मालकाचं न ऐकणारा धुरकरी कोण ठेवणार?

दुसऱ्या दिवशी ते निघाले. पाखऱ्याच्या नाकावरून हात फिरवला आणि दारात उभ्या असलेल्या मला म्हणाले, "पेंड भिजवून देत जा त्याला." मग गल्लीतून चालू लागले, नेहमीच्याच चालीनं. सगळं गाव दारादारांत उभं राहून बघत होतं. त्यांनी पाऊल भराभर उचललं नाही की मान खाली घातली नाही. मारुतीच्या पारापर्यंत ते मला दिसत होते. वळणावर तरी मागं बघतील म्हणून मी डोळे ताणून उभी होते, पण नाही बघितलं. हातात आता कासरा नव्हता, एकदा बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या घडीला मला त्यांचाही राग आला.

मोडलेल्या सोयरिकीची पोर म्हणून पुढं वर्षा-दोन वर्षांत कुणी आमच्या दारी फिरकलं नाही. शेवटी आईच्या भावानं मला परभणीला नेलं, शिकवलं, आणि मी मास्तरीण झाले. शाळेतल्याच एका मास्तरांशी लग्न केलं. त्यानंतर एकदा पिंगळीच्या स्टेशनवर उतरले तर मालधक्क्याशी कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि शेवटच्या गाडीवर मामा. पालम ते जिंतूर ज्याची धूळ कुणाला गाठता आली नाही, तो माणूस कुणाच्या तरी भाड्याच्या गाडीवर, पुढच्या गाडीनं हलावं म्हणून वाट बघत बसलेला. मी तिथंच आप्पांना, भावकीला, सगळ्या गावाला नको नको ते बोलले. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"लगीन झालं?"

"झालं."

"इचारलं व्हतं का तुला?"

"विचारलं होतं, मामा."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. "मंग बेस झालं," म्हणाले, आणि पुढची गाडी हलली म्हणून त्यांनी जिभेनं तो टाळूचा आवाज केला.

इकडे आप्पांचं काय झालं म्हणाल, तर आप्पा त्या पटाच्या गोष्टी सांगू लागले. सोयरीक मोडल्याची लाज विरली आणि जिंकल्याचा फेटा तेवढा उरला. आल्यागेल्याला ओसरीवर बसवून ते सांगत, "व्हनाऱ्या जावयाची भीड धरली न्हाई म्या. सोडा म्हनलो बैल!" ऐकणारे माना डोलवत. मी माहेरी असले आणि हे कानावर आलं की आई माझा हात धरी. म्हातारा झालाय, जाऊ दे, म्हणे. तिच्यासाठी मी पुष्कळदा जाऊ दिलं.

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी लेकीला घेऊन माहेरी आले होते. आप्पांची तीच गोष्ट नुकतीच सांगून झाली होती, तेवढ्यात बाजाराहून आलेल्या एकानं सांगितलं की पिंगळीकडं सटवाजी धुरकरी उन्हाळ्यात वारला. आप्पा पाहुण्यांना म्हणाले, "गडी चांगला व्हता. पर कुनाचं ऐकत नव्हता."

आईनं हात धरायच्या आत मी ओसरीवर आले. म्हटलं, "ऐकत होते, आप्पा. माझं ऐकलं त्यांनी."

आप्पांना तेव्हा कमी ऐकू येऊ लागलं होतं. त्यांनी कानामागं हात धरला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "काय म्हनलीस?"

माझ्या बापानं मला हे जन्मात पहिल्यांदा विचारलं होतं. मी त्यांच्या जवळ जाऊन बसले, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, गोठ्यातल्या त्या दुपारपासून सगळं सांगितलं.