लुईसविरुद्ध लिनवुड

लिनवुड,

पत्र लिहायला घेतलंय, पण तू ते वाचणार नाहीस हे मला ठाऊक आहे. धड होतास तेव्हासुद्धा माझी पत्रं अर्नेस्टीनकडून वाचून घ्यायचास आणि अर्ध्यातच म्हणायचास, "प्रोफेसरीणबाईंना म्हणावं, मुद्द्यावर या." मी प्रोफेसर कधीच नव्हते. हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं, एवढंच. पण बायकोची थोरली बहीण कॉलेजात गेलेली हे तुला बोचायचं, आणि माझ्या धाकटीनं, अर्नेस्टीननं, मार खाऊन पोट भरणारा नवरा केला हे मला. आपण दोघांनी एकमेकांना कधी सोडलं नाही.

तर मुद्द्यावर येते. तू मला एक काम सांगितलं होतंस. ते झालेलं नाही. का झालं नाही हे सांगायचं तर रॉस्कोच्या दुकानापासून सुरुवात करायला हवी, आणि ते दुकान आता तुझ्या डोक्यातून पुसलं गेलंय. म्हणून दुसऱ्या कुणाला कळेल अशा बेतानं सांगते.

उत्तर फिलाडेल्फियात जर्मनटाउन अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर रॉस्को पेटिफर्डचं केस कापायचं दुकान. खुर्च्या तीन. दोन गिऱ्हाइकांच्या आणि खिडकीजवळची तिसरी लिनवुड गॅस्किलची. तिच्यावर बसून कुणी दाढी करून घेतलेली नाही. लिनवुड नसला तरी तिथं कोट टाकायची कुणाची हिंमत नव्हती.

दुकानात एकच विषय चालायचा, बॉक्सिंग. कोण कुणाला मारील? जॅक जॉन्सन आणि मार्सियानो, दोन वेगळ्या जमान्यांतले, समोरासमोर आले तर? लुईस आणि अली? नुकती मिसरूड फुटलेली पोरं टायसनचं नाव घेऊन घुसायची आणि तासाभरात कान पाडून बाहेर पडायची. फ्रेझर तर याच गावचा, त्याला हरवायला दुकानात मनाईच होती. बाकी नियम एकच, पण तो मोडायचा नाही. ज्याला रिंगणात उतरवायचं त्याला त्याच्या ऐन भरातला धरायचं. आजारी नाही, म्हातारा नाही, कर्जानं पिचलेला नाही.

या नियमाचं कारण पर्सी डनमोर. आयुष्यभर बस चालवली, त्यामुळे त्याला ओरडून बोलायचीच सवय.

"मार्सियानोनं लुईसला पाडलं होतं की नाही? पाडलं ना! मग संपलं!"

"म्हाताऱ्या लुईसला पाडलं," रॉस्को कात्री थांबवून म्हणायचा. "पाय गेलेल्या माणसाला पाडून कोण मोठा होतो रे? तसं तर तुला माझी सासूही पाडील."

"तुझी सासू ऐन भरात असताना मी पाहिलीय. ती लुईसलाही पाडील."

असं चालायचं. लिनवुड फार बोलत नसे. तंटा अगदीच हातघाईवर आला की सगळे खिडकीकडे वळायचे. "चॅम्प, तू सांग."

चॅम्प! रिंगणात उतरलेल्या प्रत्येकाला म्हणायची रीत आहे म्हणून म्हणायचे, नाहीतर लिनवुड कधी कशाचा चॅम्पियन नव्हता. तो हरण्यासाठी बोलावला जाणारा माणूस होता. न्यूअर्क, बाल्टिमोर, विल्मिंग्टन, कुठंही एखाद्या मॅनेजरच्या हाताखालचं पोर वर येत असलं की त्याच्या नावापुढं एक विजय लावायला लिनवुडला बोलावणं यायचं. रॉस्को तेव्हा तरणा होता, त्याच्या कोपऱ्यात बादली आणि टॉवेल घेऊन उभा राहायचा. एकदा एकानं लिनवुडला तिसऱ्या फेरीत आडवं पडायला सांगितलं, वर पाकीटही पुढं केलं. लिनवुड म्हणाला, "मी तसाही हरणारच आहे. मग खोटं कशाला हरू?" हरला, पण आठव्या फेरीत, उभ्यानं. गाडीत परतताना त्याचा एक डोळा पूर्ण मिटलेला होता आणि तो शीळ घालत होता. हे रॉस्को शंभरदा सांगायचा. लिनवुडच्या आयुष्यात सांगण्यासारखं तेवढंच होतं असं मी तेव्हा म्हणायची.

मग एका हिवाळ्यात गंमत सुरू झाली.

लुईस की अली, हा जुनाच वाद चालला होता. अली त्याला सापडणारच नाही, असं पर्सी म्हणत होता. रॉस्को म्हणत होता की सापडायला एकदाच लागतो. लिनवुड खिडकीतून बाहेर बघत शांतपणे बोलला.

"बाराव्या फेरीत सापडला. मी होतो तिथं. पाऊस लागला होता. उघडं स्टेडियम, रिंगणाचा कॅनव्हास ओला. अलीचा पाय घसरला नाही, अर्धा इंच उशिरा उचलला गेला, एवढंच. लुईसनं उजवा ठोसा टाकला. लांबून नाही, इथून." त्यानं छातीजवळून मूठ दाखवली. "लोक ओरडलेसुद्धा नाहीत. श्वास घेतल्यासारखा आवाज आला फक्त."

दुकानात नुसता कल्लोळ झाला. पर्सीनं टोपी जमिनीवर आपटली. "अरे हा म्हातारा इतकी वर्षं हे कुठं लपवून बसला होता!"

वेड पांघरून पेडगावला निघालाय असंच सगळ्यांना वाटलं. आठवड्यांमागून आठवडे दुकान भरू लागलं. दुसऱ्या गल्लीतले लोक केस नसताना केस कापायला यायचे. जगात कधी झाल्याच नाहीत अशा लढती लिनवुड डोळ्यांसमोर उभ्या करायचा. कुठल्या फेरीत कुणाची भुवई फुटली, कोपऱ्यात कोण काय पुटपुटलं, सगळं. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी माणूस असं बोलायला लागला असता तर तिसऱ्या दिवशी घरच्यांनी डॉक्टर गाठला असता. इथं टाळ्या पडल्या.

एका सकाळी तो म्हणाला, "मीही लढलोय लुईसशी."

"आणि?" पर्सी पुढं सरकला.

"आणि काय? हरलो."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे चॅम्प, आपल्याच तोंडानं सांगायचंय तर जिंकायचं तरी! फुकटात आहे!"

लिनवुड हसला नाही. "तो चांगला होता. मी काय करू?"

रॉस्कोच्या हातातलं मशीन एका गिऱ्हाइकाच्या मानेवर तसंच थांबलं. लोक पांगल्यावर लिनवुडनं त्याला हळूच विचारलं, "बादली गाडीत ठेवलीस ना? न्यूअर्कला अंधारायच्या आत पोचायला हवं." तेव्हा रॉस्कोला कळलं. इतके दिवस आपण कशाला टाळ्या वाजवत होतो हेही कळलं.

त्यानंतर अर्नेस्टीन दुकानात आली. बायका त्या दुकानात येत नसत. डोक्यावर हॅट, हातमोजे, चर्चला निघावं तशी. बस म्हटलं तर बसली नाही.

"डॉक्टरकडे नेलं होतं," ती म्हणाली. "डोक्याचे फोटो काढले. त्यांचं म्हणणं, उतार आहे, ब्रेक नाही."

"अर्नेस्टीन, मला आधी कळायला..."

"मी दोष द्यायला नाही आले. ऐक. तो रोज सकाळी हरून उठतो, रॉस्को. उठल्या उठल्या चेहरा चाचपतो आणि मला म्हणतो, एर्नी, माफ कर गं, परत हरलो. काल हरलेला आज विसरतो, पण आज नव्यानं हरतो. रोज! त्या लुईसकडून! खरं आयुष्यभर हरला तेव्हा मी कधी तोंड वाकडं केलं नाही. पण हे मला बघवत नाही." तिनं हातमोजा काढला, परत घातला. "तुम्ही लोक इथं बसून मेलेल्यांना जिंकवता. माझ्या जित्या माणसाला एकदा जिंकवा. एकदा जिंकून झोपू दे त्याला."

मला आधी विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं असं आता वाटतं. पण तसं काही नाही. मीही हो म्हटलं असतं.

रॉस्कोनं सगळ्यांना पढवलं. गुणांवर जिंकवायचं, तेही निसटतं. याच गावात. जास्त बोलायचं नाही. शनिवारी दुकान गच्च भरलं आणि लिनवुड आपल्या खुर्चीत बसला.

"चॅम्प," रॉस्को वस्तऱ्याला धार लावत म्हणाला, "लुईसशी तुझी ती लढत परवा आठवत होतो. काय रात्र होती!"

"हरलो मी."

"हरलास? कुणी सांगितलं? गुणांवर जिंकलास तू! दोन पंच तुझ्या बाजूनं, एक त्याच्या."

लिनवुडनं एकेकाकडे पाहिलं. सगळ्या माना हलल्या. चर्चचा कारभार बघणारे डीकनसुद्धा बसले होते, त्यांनीही मान हलवली.

"जिंकलो मी?"

"तर!"

"एर्नी होती?"

"पुढच्या रांगेत. निळी हॅट घालून."

त्याचा चेहरा उजळला. रॉस्को म्हणतो, विशीतला लिनवुड समोर येऊन बसला, अगदी ऐन भरातला. तिथं थांबायला हवं होतं. पण पर्सीच्या तोंडाला ब्रेक नाहीत, बसला होते म्हणून गाव वाचलं.

"आणि सहाव्यातला तो डावा हुक! अरे बाप रे! खाली वाकलास आणि असा वर आणलास की लुईस गुडघ्यावर!"

लिनवुड आपल्या डाव्या हाताकडे बघू लागला. तो खांदा विल्मिंग्टनला उखडला होता, लग्नाच्याही आधी. हात उचलून पाहिला त्यानं. छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. अख्खं दुकान बघत होतं.

"कुठला डावा?" तो म्हणाला.

त्यानं हात मांडीवर ठेवला.

"लुईस माझ्या हातानं गुडघ्यावर येत नाही. त्याला काय दिलं होतं?"

"कुणी काही दिलं नाही, चॅम्प."

"मग मी कसा जिंकलो?"

ज्या दुकानानं वाटेल त्याला वाटेल त्याच्याकडून हरवलं होतं, त्या दुकानातले सगळे आता रॉस्कोकडे बघू लागले. शेवटी रॉस्को म्हणाला, "त्या दिवशी तू चांगला लढलास."

"पाण्यात घातलं कुणीतरी," लिनवुड हळू आवाजात म्हणाला. "त्याच्या पाण्यात. पैसे लावणाऱ्यांनी." मग त्याची नजर रॉस्कोवर आली. "बादली तुझ्याकडे होती."

"लिनवुड!"

"मी विचारतोय फक्त. तू घातलंस?"

रॉस्कोला नाही म्हणायला किती वेळ लागला असेल? मी त्याला विचारलं. तो म्हणतो, लागलाच नाही, लगेच म्हणालो. पण लिनवुड तोवर उठला होता. कोट न घेता बर्फात चालू लागला. त्या खुर्चीत परत कधी बसला नाही. रॉस्को दोनदा घरी आला, तर लिनवुड त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसला. तिसऱ्यांदा रॉस्को आला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

लिनवुड, दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चनंतर मी तुमच्याकडे जेवायला आले होते. अर्नेस्टीन ओव्हनमधून कोंबडी काढत होती, तेव्हा तू मला जिन्यापाशी बाजूला ओढलंस.

"प्रोफेसरीणबाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला आत सोडतील. लुईस ब्रॉड स्ट्रीटवरच्या हॉटेलात उतरलाय. त्याला भेटा. म्हणावं, लिनवुड गॅस्किलला ठाऊक नव्हतं. जिंकल्याचा पट्टा मी परत देतो. मी असा माणूस नाही, एवढं सांगा त्याला."

आयुष्यभरात तू माझ्याकडे पहिल्यांदा काही मागत होतास. लुईसला जाऊन कित्येक वर्षं झाली होती, तरी मी म्हटलं, "उद्या जाते."

त्याला आता दोन वर्षं होतील. तू त्या नर्सिंग होममध्ये खिडकीशी बसतोस. अर्नेस्टीनला कधी ओळखतोस, कधी नाही. मला मात्र दरवेळी ओळखतोस, कारण माझ्याकडे तुझं काम आहे. पूर्वी तू हरलेला उठायचास, आता लबाड म्हणून उठतोस. हरलेल्या माणसाची समजूत एर्नी निदान काढू शकत होती.

तोंडाळ म्हणून जन्मभर नाव मिळवलं मी, आणि या एका वाक्यापुढं अडते. भेटले, सांगितलं, असं म्हणावं तर तू विचारशील, काय म्हणाला? मी काय सांगू? लुईसच्या तोंडी घातलेला एक शब्द चुकला तरी तू आपला डावा हात उचलून बघशील.

मंगळवारी आले तेव्हा तू कोट घालून तयार होतास.

"गेला होतात?"

"उद्या जाते, लिनवुड."

"उद्या कसं? सकाळच्या गाडीनं तो परत जातोय."